धुळीचं काय एवढं?

शाळासोबत्यांच्या आमच्या ग्रुपवर सोलापूरच्या हवेचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वळणानं जातो. २०१९ साली केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला आणि हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांत सोलापूरचं नाव आलं. त्यावर एक जण म्हणतो, "ते दिल्लीचं दुखणं. आपल्याकडं नुसती धूळ आहे, धुळीतच वाढलोय आपण." दुसरा विचारतो, "हवेनं माणूस मेला, असं कुणी सिद्ध केलंय का?" मी काही बोललो की उत्तर येतं, "लंडनला बसून तुला काय कळणार बे?"

लंडनमध्ये राहून जे कळलं तेच सांगतो. साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ च्या फेब्रुवारीत दम्यानं गेली. तिच्या आईनं पाठपुरावा सोडला नाही. अखेर डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची न्यायालयीन चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं, तेही १९५२ च्या धुरक्यात हजारो माणसं गमावलेल्या शहरात. तेव्हा इकडे सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. पण पुरावा मागायचा तो एका आईनं मागून मिळवला, एवढं खरं.

पुरावा आपल्याकडेही आहे. मुंबई, पुणे, दिल्ली, सिमला अशा भारतातल्या दहा शहरांतल्या २००८ ते २०१९ या काळातल्या सुमारे ३६ लाख मृत्यूंचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेतले बारीक कण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमनं वाढले, की त्या एक-दोन दिवसांत मृत्यू १.४२ टक्क्यांनी वाढतात, असं त्यात दिसलं. तुलनेनं स्वच्छ हवेच्या शहरांतही धोका सुटला नव्हता. त्यामुळे 'दिल्लीचं दुखणं' हे आता म्हणता येत नाही.

राहिला प्रश्न धुळीचा. विजापूर रोडच्या घरी आई सकाळी भांड्यांची मांडणी पुसते आणि दुपारी तिच्यावर बोटानं रेघ ओढता येते. ही जाड धूळ त्रास देतेच, पण तिचा बराच भाग नाकाघशात अडतो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात, काही रक्तातही मिसळतात. ते मुख्यतः जळण्यातून येतात: डिझेल, कोळसा, कचरा. पहाटे नाकाला पदर बांधून बायका रस्ता झाडतात, पाला, प्लॅस्टिक, चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात लागतो आणि उजाडायच्या आत त्याला कुणीतरी काडी लावतं. तो धूर सगळ्यात आधी त्याच बायकांच्या छातीत जातो. आणि देशभरात राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा २०२४ पर्यंत सुमारे ६४ टक्के पैसा खर्च झाला तो रस्त्यावरच्या धुळीवर! रस्ते झाडावेत, पाणीही मारावं. पण जळणाऱ्या ढिगाकडे बघायचं कुणी?

माझ्या पुतण्याला हिवाळ्यात पंप लागतो. घरात मात्र 'त्याची कफाची प्रकृती आहे' एवढंच म्हणतात. दमा हा शब्द उच्चारायला वहिनी घाबरते, तिची भीती मला कळते. पण आजाराचं नाव घेतलं नाही तर त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नसली की 'सिद्ध कुणी केलंय' म्हणणाऱ्याचं फावतं.

भारताची बारीक कणांची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. आपण एका झेपेत पाचवर येणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून ग्रुपवर मी एकच मागणी धरून बसलोय. सिव्हिलमध्ये धाप लागून, खोकून येणाऱ्यांची रोजची संख्या आणि त्याच दिवसाचे हवेचे आकडे शेजारी शेजारी मांडा. वैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधात बसेल एवढं हे काम. फक्त त्यात रुग्णाचा धंदाही लिहा. यंत्रमागावर दिवसभर कापसाच्या तुसात उभा राहणारा कामगार आणि चुलीवर स्वयंपाक करून दिवसभर विड्या वळणारी बाई यांची छाती रस्त्यावरची हवा पोचण्याआधीच भरलेली असते. त्यांना इतरांच्या सरासरीत घातलं तर आकडे निघतील, पण सोलापूरचे निघणार नाहीत.