‘घातांक तेवढी शून्ये’ हा नियम नव्हे

लातूर-नांदेडकडच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत वैज्ञानिक पद्धतीने, म्हणजे ३ × १०^८ (तीन गुणिले दहाचा आठवा घात) अशी लिहिलेली संख्या दशांश रूपात आणण्याची एक युक्ती फिरत असते : दहाचा घातांक जेवढा, तेवढी शून्ये जोडा, घातांक ऋण असेल तर उत्तरही ऋण, आणि संगणकाने संख्येत ‘ई’ दाखवला तर संख्या बिघडली असे समजा.

पहिल्या विधानावर विश्वास बसतो तो सोयीच्या उदाहरणामुळे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ × १०^८ मीटर असा पाठ असतो आणि तीनवर आठ शून्ये दिली की उत्तर जुळते. पण तोच वेग अधिक नेमका, २.९९८ × १०^८ असा घेतला, तर २९,९८,००,००० या उत्तरात शून्ये पाचच असतात. घातांक शून्ये मोजत नाही. दशांशचिन्ह किती घरे सरकवायचे ते सांगतो, आणि इथे त्यांतली तीन घरे ९, ९, ८ या अंकांनी आधीच भरलेली आहेत. जायकवाडीची एकूण साठवण क्षमता सुमारे २.९०९ × १०^९ घनमीटर, म्हणजे २९० कोटी ९० लाख घनमीटर आहे. २९०९ पुढे नऊ शून्ये मांडणाऱ्याच्या वहीत हे धरण हजारपट मोठे होते. (मराठवाड्याची त्याला हरकत नसावी.)

दुसरे विधान साफ चुकीचे आहे. कापसाच्या तंतूची जाडी साधारण १.५ × १०^-५ मीटर, म्हणजे ०.००००१५ मीटर असते. ऋण घातांक म्हणजे दहाने तेवढ्या वेळा भागणे. धन संख्या भागल्याने लहान होते, शून्याखाली जात नाही. शिवाय दशांशचिन्हानंतरची शून्ये चारच आहेत, कारण पाचव्या घरात १ बसतो.

तिसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे. एक्सेलमध्ये बारा अंकी वीज ग्राहक क्रमांक टाकला की ४.५६७८९ई+११ असे काही दिसते, हे ४.५६७८९ × १०^११ चेच संक्षिप्त रूप असून आतला क्रमांक शाबूत असतो आणि रकान्याचे स्वरूप ‘नंबर’ केले की पूर्ण दिसतो. मात्र तशीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) म्हणून जतन केली, तर दिसते तेवढेच उरते आणि ती पुन्हा उघडल्यावर शेवटच्या सहा अंकांच्या जागी शून्ये येतात. पंधरापेक्षा जास्त अंकांचा खाते क्रमांक असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे सारे टाकतानाच शून्य होते. अशा रकान्याला आकडे भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ हे स्वरूप द्यावे लागते.