रिमोटवरची चार रंगीत बटणं

आमच्या टीव्हीच्या रिमोटवर लाल, हिरवं, पिवळं आणि निळं अशी चार बटणं आहेत. तुमच्याही असतील बहुतेक. टीव्ही घेतल्यापासून आमच्याकडे ती कोणी दाबली नाहीत. युरोपात याच बटणांनी लोक टेलिटेक्स्टची, म्हणजे टीव्हीच्या सिग्नलसोबत येणाऱ्या मजकुराची, पानं उलटतात.

२०१९मध्ये भावाकडे नेदरलँड्सला होते, तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. १०१ दाबलं की बातम्या, ८१८ दाबलं की फुटबॉलचे निकाल. काळ्या पडद्यावर मोठी, ठसठशीत अक्षरं. वाचून होईपर्यंत पान तिथेच थांबतं. शेजारचे ऐंशीच्या घरातले आजोबा सकाळी कॉफी पिता पिता सगळ्या बातम्या त्यावरच वाचायचे. ना इंटरनेट, ना पासवर्ड.

मला तेव्हा बाबाच आठवले. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ते टीव्हीवर खालची पट्टी वाचतात. "पट्टी लय जोरात पयते, वाचूच देत नाई," हे त्यांचं रोजचं. स्मार्टफोन त्यांना जमत नाही. रिमोट मात्र पाठ आहे.

२३ सप्टेंबर २०२३ची सकाळ मी विसरू शकत नाही. आमच्या नागपुरात रात्रभर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. काका डागा लेआउटमध्ये, त्यांचा फोन लागत नव्हता. आमच्याकडे वीज होती, टीव्ही चालू होता, आणि त्यावर तीच तीच दृश्यं फिरत होती. कोणता रस्ता बंद, कुठे बोटी पोचल्या, मदतीला कोणता नंबर लावायचा, हे बाबांना स्थिर अक्षरांत कुठेच मिळेना. माझ्या मोबाइलवर सतरा ग्रुपांतून सतरा गोष्टी येत होत्या, त्यातलं खरं काय ते मलाही कळत नव्हतं.

बीबीसीने सीफॅक्स नावाचं टेलिटेक्स्ट १९७४मध्ये सुरू केलं. ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्यावर मजकूर कसा दाखवावा, या खटपटीतून ते निघालं. २०१२मध्ये ते बंद झालं, पण डिजिटल टीव्हीवर लाल बटणामागे मजकूर सुरू राहिला. २०२०च्या सुरुवातीला तोही बंद होणार होता, तेव्हा अंध व्यक्तींच्या संघटनेने अर्ज केला आणि तो निर्णय थांबला. आपल्याकडेही दूरदर्शनने १९८५मध्ये दिल्लीत टेलिटेक्स्ट आणलं होतं. म्हणजे आपल्याला हे अगदीच नवीन नाही.

डिजिटल पद्धतीत पानं रहाटगाडग्यासारखी सिग्नलसोबत सारखी फिरत असतात. आपण मागितलेलं पान टीव्हीला जोडलेला डबा (सेट-टॉप बॉक्स) उचलतो आणि दाखवतो. पाहणारे दहा असोत की दहा लाख, प्रक्षेपणावर भार वाढत नाही. पानं फक्त येतात, त्यामुळे कोण काय वाचतंय हेही कोणाला कळत नाही. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. आणि आजचा टीव्ही देवनागरी अक्षरं सहज दाखवतो.

डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे लागत नाहीत, तो खेड्यापाड्यांत पोचलेला आहे. त्यावर मराठीत अशी पानं का नसावीत? दूरदर्शनमध्ये काम करणारं कोणी हे वाचत असेल तर मनापासून विनंती, हा विषय तिथे काढा.

परवा बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या मनाने नंबर टाकले. १०० बातम्या, ११० पाऊस, १२० कळमन्यातला संत्र्याचा भाव, १३० वीज कुठे जाणार. १४०समोर लिहिलंय, अंबाझरीची पातळी. कागद टीव्हीशेजारी चिकटवलाय.