देशाचा कचरा किती? पॉइंट नऊ टनापर्यंत अचूक, फक्त तिसरा हिस्सा हरवलाय

2016 च्या एप्रिलमध्ये घनकचऱ्याचे नवे नियम आले तेव्हा पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकरांनी सांगितलं होतं की देशात वर्षाला 6.2 कोटी टन कचरा तयार होतो. आता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा 2020-21 चा वार्षिक अहवाल उघडा. त्यात रोजचा आकडा आहे 1,60,038.9 टन. 365 नं गुणा, 5.84 कोटी होतात. म्हणजे या पाच वर्षांत ऑनलाइनचे खोके घराघरात आले, हॉटेलचं जेवण प्लास्टिकच्या डब्यातून दारात यायला लागलं, शहरं वाढली, आणि कचरा मात्र कमी झाला! अभिनंदन करायचं का कुणाचं?

बरं ते पॉइंट नऊ बघा. एक लाख साठ हजार अडतीस पॉइंट नऊ. वाटतं की कुणीतरी काट्यापाशी बसून शेवटची पिशवीसुद्धा मोजलीय. त्याच अहवालात पुढं लिहिलंय की यातल्या साधारण 80 हजार टनांवर प्रक्रिया होते, साडेएकोणतीस हजाराच्या आसपास लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागेवर जातो, आणि उरलेल्या 50,655 टनांचा हिशोब लागत नाही. जवळजवळ 32 टक्के. दहा टनाचा ट्रक धरला तर रोज पाच हजार ट्रक निघतात आणि कुठं जातात ते सरकारी कागदाला माहीत नाही. मला खरं तर या ओळीबद्दल त्यांचं कौतुकच आहे, निदान लिहिलं तरी.

मुद्दा असा की हा कचरा बहुतेक ठिकाणी मोजलेलाच नसतो, तो काढलेला असतो. कसा काढतात? माणशी रोज इतके ग्रॅम, गुणिले लोकसंख्या. ग्रॅमचा आकडा जुन्या सर्व्हेवरून, सरकारी मॅन्युअलवरून (छोट्या गावाला 200-300 ग्रॅम, मोठ्या शहराला 400-600) आणि लोकसंख्या 2011 ची, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही, मग त्यावर प्रत्येकजण आपापल्या अंदाजाने वाढ चढवतो. जावडेकरांनी सांगितलेला 6.2 कोटीचा आकडा सुद्धा असाच, 2014 च्या नियोजन आयोगाच्या टास्क फोर्सच्या रिपोर्टमधला, 37.7 कोटी शहरी लोक धरून. 37.7 कोटी म्हणजे 2011 ची शहरी लोकसंख्या.

दुसरी पद्धत म्हणजे खेपा. घंटागाडी किती वेळा आली गुणिले गाडीची क्षमता. गाडी निम्मी भरलेली असली तरी खेप ती खेप. माझा एक मित्र नगरपरिषदेत आहे (कुठल्या ते सांगत नाही, त्याची नोकरी जायची), तो म्हणाला आमच्याकडे काटाच नाही रे, फॉर्म वरून येतो तेव्हा मागच्या वर्षीचा आकडा घेतो आणि थोडा वाढवतो, फार वाढवला तर विचारतात, कमी केला तरी विचारतात. हा आकडा मग राज्याच्या मंडळाकडं जातो, तिथून दिल्लीला, आणि बेरजेत पॉइंट नऊ येतो.

काटा असला तरी प्रश्न संपत नाही. काट्यावर गाडी भरलेली चढते, मग रिकामी चढते, फरक तो कचरा, इतकं सोपं. पण ठेकेदाराला पैसे टनावर मिळत असतील तर गाडी जड होणार की नाही? मुंबईत हे उघड झालंच होतं, कचऱ्यात डेब्रिज (पाडलेल्या बांधकामाचा विटा-मातीचा राडारोडा) मिसळून वजन वाढवल्याचं प्रकरण चांगलंच गाजलं. साडेनऊ हजार टनाच्या आसपास सांगितला जाणारा मुंबईचा रोजचा कचरा काही वर्षांत सात-साडेसात हजारावर आला. पालिका म्हणाली लोकांनी वर्गीकरण केलं, सोसायट्यांनी खत केलं. केलं असेल थोडं. पण मुंबईकर एकदम इतके शहाणे झाले आणि मला कळलंच नाही असं कसं होईल! यात किती खत आणि किती विटा हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

आणि पाऊस. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा, जुलैमध्ये उघड्या गाडीत तोच कचरा पाणी पिऊन काट्यावर चढतो आणि त्याचेही टन धरले जातात. याउलट कुठल्याही भंगारच्या दुकानात जाऊन उभे राहा. पुठ्ठा ओला असेल तर भंगारवाला हात लावून बघतो आणि वजनात तूट धरतो, कचरावेचक बाई त्याच्याशी तुटीवरून भांडते, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळं, प्रत्येकाचा भाव वेगळा, काटा दोघंही डोळ्यात तेल घालून बघतात. देशातला सगळ्यात प्रामाणिकपणे मोजलेला कचरा हा आहे, कारण इथं चूक झाली तर कुणाच्या तरी खिशातनं जाते. आणि गंमत म्हणजे सरकारी आकड्यात नेमका हाच धड येत नाही. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, पुढं त्यातूनच स्वच्छ संस्था झाली, या बायकांनी पालिकेकडून ओळखपत्रं मिळवली, घरोघरच्या कचऱ्याचं काम मिळवलं. पण बहुतेक शहरांत डेपोच्या काट्यावर पोचायच्या आधी जो माल वेचला गेला तो देशाच्या दृष्टीनं तयारच झाला नाही. मग रिसायकलिंगची टक्केवारी कशाची काढताय?

2024 च्या सप्टेंबरमध्ये लीड्स विद्यापीठाच्या लोकांचा पेपर 'नेचर'मध्ये आला, त्यात पर्यावरणात सुटणाऱ्या प्लास्टिकमध्ये भारत पहिला, वर्षाला 93 लाख टन, जगाच्या साधारण पाचवा हिस्सा. आपल्याकडे लगेच बदनामीचा डाव वगैरे सुरू झालं. मी त्यातला एकच भाग सांगतो. त्यांचं म्हणणं होतं की भारताचा कचऱ्याचा अधिकृत दर माणशी रोज 0.12 किलो पडतो, तो कमी वाटतो, आणि त्यांचा अंदाज 0.54 किलोचा. कारण अधिकृत आकड्यात खेडी नाहीत, न उचललेला आणि उघड्यावर जाळलेला कचरा नाही, अनौपचारिक रिसायकलिंग नाही. आता तुम्हीच भागाकार करा, 1 लाख 60 हजार टन भागिले 140 कोटी. 114 ग्रॅम. एक मध्यम कांदा. तुमच्या घरातून माणशी एका कांद्याएवढाच कचरा निघतो का? आंब्याच्या दिवसात तर नुसत्या कोयी जास्त भरतील. त्यांचा मॉडेलचा आकडा बरोबरच आहे असं मी म्हणत नाही, तोही अंदाजच. पण एका अंदाजाला दुसऱ्या अंदाजाने उत्तर देता येत नाही, उत्तर काट्यानेच द्यावं लागतं आणि काटा आपल्याकडे नाहीये.

हे फक्त आपलंच आहे असंही नाही. अमेरिकेत पर्यावरण खातं माल किती विकला गेला यावरून कचऱ्याचा हिशोब मांडायचं. 2015 मध्ये येलच्या संशोधकांनी लँडफिलवरच्या प्रत्यक्ष वजनांवरून मोजलं, तर 2012 साली 26.2 कोटी टन पुरला गेला होता, खात्याच्या हिशोबात होता 12.2 कोटी. दुपटीहून जास्त! युरोपला तर 2018 मध्ये नियमच बदलावा लागला, की गोळा केलेलं सगळं रिसायकल झालं असं धरायचं नाही, रिसायकलिंगच्या प्रक्रियेत प्रत्यक्ष जे गेलं तेच मोजायचं. आपल्याकडे मात्र प्लांटची क्षमता म्हणजेच प्रक्रिया असं मानून लोक मोकळे होतात. प्लांट बंद पडलेला असतो, बोर्डवर 'प्रतिदिन 100 टन'.

प्लास्टिकचं तर विचारूच नका. कंपन्यांनी जितकं प्लास्टिक बाजारात आणलं तितकं रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यायची अशी व्यवस्था आहे. 2023 मध्ये प्रदूषण मंडळानं तपासलं तर सुमारे 6 लाख प्रमाणपत्रं खोटी निघाली, गुजरात, कर्नाटक आणि आपला महाराष्ट्र. म्हणजे जे प्लास्टिक कधी वितळलंच नाही ते कागदावर रिसायकल होऊन विकलंसुद्धा गेलं.

आता कुणीतरी म्हणणार की आकडे मोजून कचरा उचलला जातो का, आधी झाडू हातात घ्या. घ्या ना, कोण नको म्हणतंय. पण मुंबईतल्या देवनार डेपोचा कचऱ्याचा डोंगर 1927 पासून साठतोय आणि आता तो उपसायचं टेंडर दोन हजार कोटींच्या वर जातं, अशा कामाचे पैसे ठरतात ते टनावरच. टन खोटे असतील तर पैसे पण तसेच जाणार, आणि ते तुमच्या टॅक्सचे आहेत.

मला विचाराल तर पहिलं काम एकदम साधं आहे. प्रत्येक काट्याची रोजची नोंद गाडीनिहाय वेबसाइटवर टाका, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, वॉर्ड. ठेकेदाराला नुसत्या टनावर पैसे देणं बंद करा. आणि भंगारच्या दुकानांचा माल हिशोबात धरा, त्यांच्या मागं इन्स्पेक्टर न लावता. रॉकेट सायन्स नाहीये.

तोवर माहितीच्या अधिकारात एका महिन्याच्या काटा पावत्या मागून बघा. एका ओळखीच्या काकांनी मागितल्या होत्या, उत्तर आलं 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही'. तुमच्याकडे मिळाल्या तर कमेंटमध्ये टाका, जुलै आणि डिसेंबर दोन्हीच्या असतील तर फारच उत्तम.