गुजरातमधील शाळा सलग दोन वर्षे बंद होत्या का? एक खुलासा

वडोदऱ्यातील मराठी पालकांमध्ये सध्या असा दावा फिरत आहे की, कोरोनाकाळात केंद्राच्या आदेशामुळे गुजरातमधील सर्व शाळा सलग दोन वर्षे बंद राहिल्या व राज्याच्या हाती काहीच नव्हते. हे दोन्ही म्हणणे चुकीचे आहे. 15 ऑक्टोबर 2020 नंतर शाळा टप्प्याटप्प्याने उघडण्याचा निर्णय केंद्राने राज्यांवर सोपवला होता; त्यानुसार गुजरातमध्ये दहावी-बारावीचे वर्ग 11 जानेवारी 2021 रोजी, पालकांच्या लेखी संमतीने, सुरू झाले, पुढे नववी, अकरावी व सहावी ते आठवीचेही भरले, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. त्यामुळे श्रेय असो वा दोष, तो राज्याच्या निर्णयांचाही आहे.

मात्र या दाव्यामागची व्यथा खरी आहे. पहिली ते पाचवीचे वर्ग मार्च 2020 मध्ये बंद झाले ते थेट 22 नोव्हेंबर 2021 रोजी उघडले, म्हणजे सुमारे वीस महिन्यांनी. 2020-21 या शैक्षणिक वर्षात पहिलीत आलेल्या मुलाने त्या इयत्तेत वर्गाचा फळाही पाहिला नाही, आणि माझ्या मते वाद घालायचाच तर तो याच मुलांविषयी घालावा.