'जुना कार्यकर्ता' यांस, बाकड्यांबद्दल

नमस्कार. तुम्ही नाव न देता 'जुना कार्यकर्ता' एवढीच सही केली आहे, म्हणून मीही त्याच नावानं हाक मारतो.

पुणे महापालिकेच्या निवडणुकीआधी मी लिहिलं होतं की मत मागायला येणाऱ्याचं शपथपत्र वाचा, त्याच्याकडून चार गोष्टी लिहून घ्या, मगच हो म्हणा. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे सोसायटीतल्या रिकामटेकड्यांचं खूळ आहे, वस्तीतल्या माणसाला नळाला पाणी हवं असतं, कागद नको. एका प्रभागातून चार नगरसेवक निवडून येतात, तिथं जाब कुणाला विचारायचा? आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, निघाला की नगरसेवक मुकाट हात वर करतो, मग लिहून घेऊन उपयोग काय?

शपथपत्राचं आधी उरकतो. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले मतदाराला कळलेच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सांगितलं. आमच्या प्रभागातली शपथपत्रं मी वाचली. कुणाची किती गुंठे जमीन आहे ते कळलं. ड्रेनेज तुंबल्यावर फोन कोण उचलेल, ते कळलं नाही. इथं तुम्ही बरोबर आहात, मी त्या कागदावर जरा जास्तच भिस्त ठेवली होती.

व्हिपचं मात्र पटत नाही. व्हिप मोडला तर पद जाऊ शकतं, कारण पक्षांतरबंदी नगरसेवकांनाही आहे, त्यासाठी 1986 चा वेगळा कायदा आहे, हे खरं. पण व्हिप निघतो तो महापौराच्या निवडीला किंवा एखाद्या अडलेल्या मोठ्या विषयाला. कुठल्या गल्लीत काय काम करायचं यावर व्हिप निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आपल्याकडे 'स' यादी असते, हे तुम्हाला मी काय सांगायचं! इतर वाचकांसाठी: अंदाजपत्रकात नगरसेवकानं सुचवलेल्या प्रभागातल्या कामांसाठी जी तरतूद पडते, ती. ती कामं तो स्वतः सुचवतो. आणि दुसरं म्हणजे वर्गीकरण. आर्थिक वर्ष संपत आलं की एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवायचे प्रस्ताव स्थायी समितीपुढे येऊ लागतात. मोठं काम रखडलेलं असतं, पैसे पडून असतात, मग ते निघतात बाकड्यांकडे, कापडी पिशव्यांकडे, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्यांकडे. हे कुठल्याही पक्षानं त्याच्यावर लादलेलं नसतं.

आमच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत अकरा बाकडी आहेत. मोजली. एक तर भिंतीकडे तोंड करून आहे, बसलं की नाकासमोर भिंतीचा गिलावा. प्रत्येकाच्या पाठीवर 'यांच्या संकल्पनेतून' आणि पुढे नाव. (बाकडं ही संकल्पना त्यांच्या आधीही कुणाला तरी सुचली असावी, पण असो.) त्याच रस्त्याला पहिल्या मोठ्या पावसात घोटाभर पाणी साचतं.

आता सोसायटी आणि वस्ती. तुम्ही आम्हाला झोडपलंत, पण मला वाटतं जरा कमीच झोडपलंत. आमच्या क्लब हाउसमध्ये एक उमेदवार आले तेव्हा सेक्रेटरींनी छापील यादी त्यांच्या हातात दिली: आतल्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक, चार सीसीटीव्ही, ज्येष्ठांसाठी बाकडी. हो, अजून बाकडी. उमेदवारांनी यादी न वाचताच घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "झालं समजा." टाळ्या पडल्या. मीही तिथं होतो आणि गप्प होतो. चहा चांगला होता.

त्याच आठवड्यात मागच्या वस्तीत कोपरा सभा होती. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकत होतो. भाषण रंगात आलेलं असताना एक मावशी उठल्या. "सायेब, संडासाला दारं बसवलीत ते दिसलं. आतून कड्या नाहीत. आमच्या पोरी दार हातानं धरून बसतात. कडी कुठल्या तारखेला बसंल?" ते म्हणाले, बघतो. मावशी म्हणाल्या, "बघू नका, तारीख सांगा." तारीख मिळाली. मिळाल्यावरच त्या खाली बसल्या.

तेव्हा कागद कुणाला हवा असतो, हे पुन्हा एकदा ठरवू. मी चार मुद्द्यांचा लेख लिहिला. मावशींनी एकच प्रश्न विचारला आणि तो माझ्या चारांपेक्षा पक्का होता. एक वस्तू, एक तारीख, आणि ज्याच्या हातात आहे त्यालाच विचारलेलं. आम्ही मागत होतो ते बक्षीस होतं. त्या मागत होत्या ते उरलेलं काम.

चार जणांच्या प्रभागाचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. 2012 ला दोघे होते, 2017 ला चौघे, आणि 15 जानेवारी 2026 लाही आपण चार बटणं दाबली. 'अ' जागेवरचा नगरसेवक म्हणतो 'ब'कडे जा, 'ब' म्हणतो हा भाग 'ड' बघतो. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात 2009 मध्येच आली, म्हणजे नगरसेवकानं आपल्या भागातल्या मतदारांसमोर बसायचं. आमच्याकडे ती एकदाही झाली नाही. पण म्हणून "प्रशासक होता तेच बरं होतं" हे तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, विचारायला माणूसच नव्हता. 2021 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांची तर ग्रामपंचायतही गेली आणि नगरसेवकही मिळाला नाही. चौघांनी टोलवाटोलवी केली तरी निदान चार दारं आहेत.

त्या चौघांनाही मी पत्र पाठवलं आहे. दोनच प्रश्न: 'स' यादीत यंदा काय सुचवणार, आणि पाणी-ड्रेनेजचे पैसे वर्गीकरणात दुसरीकडे वळवायच्या प्रस्तावावर सही करणार की नाही. हे निवडणुकीआधी विचारायला हवं होतं, तेव्हा मी चहा पीत होतो. अजून एकाचंच उत्तर आलंय, तेही 'शुभेच्छांबद्दल आभार' असं.

तुम्ही इतकी वर्षं आत काढलीत, म्हणून एक विचारतो. वर्गीकरणाच्या प्रस्तावाखाली सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या असतात. त्या कागदाची प्रत मागायची तर नेमकी कुठल्या टेबलावर? माहिती अधिकारात विचारलं की मला या खात्यातून त्या खात्यात पाठवतात. तुम्हाला ते टेबल नक्की ठाऊक असणार.