यिडिश ही चोरांची भाषा नाही, आत्या!

‘इंग्रजीत लपलेले ज्यूंचे गुप्त शब्द’ हा फॉरवर्ड तीनदा आला, तीनदा मी गप्प बसलो. काल तो आत्यानं पाठवला, वर ‘शाळेत शिकवायला हवं’ असं लिहून. आत्या निवृत्त शिक्षिका. आता बोलणं भाग आहे.

पहिलाच दावा असा, की यिडिश ही गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी व्यापाऱ्यांनी बनवलेली सांकेतिक भाषा. अहो, ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्यांत हजारेक वर्षांपूर्वी रुजलेली ही घरची बोली. गाभा जर्मन, त्यात हिब्रू मिसळलेली, पूर्वेकडे सरकताना स्लाव्ह शब्द आले, लिपी हिब्रू. दुसऱ्या महायुद्धाआधी एक कोटीहून जास्त माणसं ती बोलत. एवढ्या लोकांत कसलं आलंय गुपित? आरोपही शिळा आहे. १५२८ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं भामट्या भिकाऱ्यांवरच्या एका पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. त्यांच्या चोरबोलीत हिब्रू शब्द फार, तेव्हा ती ज्यूंकडूनच आली, असं त्यात म्हटलंय. शब्द होते, हे नाइलाजानं मान्य. पण मुंबईतल्या टोळ्या ‘सुपारी’, ‘पेटी’, ‘खोका’ म्हणतात, म्हणून मराठी काय त्यांनी घडवली?

इंग्रजीत हे शब्द कुणी लपवले नाहीत. १८८० नंतरच्या चार दशकांत पूर्व युरोपातले साधारण वीस लाख ज्यू अमेरिकेत आले, त्यांच्या तोंडून ते पसरले. ‘श्लेप’ म्हणजे ओझं फरपटत नेणं. ‘क्लट्झ’ म्हणजे वेंधळा, मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. आपणही माणसाला ठोकळा म्हणतोच की. आणि निलाजऱ्या धिटाईचा तो शब्द ‘चुट्झपा’ नव्हे, ‘खुत्स्पा’!

बेगल हा कड्यासारखा गोल पाव म्हणे १६८३ च्या व्हिएन्नाच्या लढाईनंतर पोलंडच्या राजाच्या रिकिबीवरून बनला. गोष्ट झकास, पण क्राकोव्हच्या ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत बेगल आहे. लढाईच्या ७३ वर्षं आधी!

‘ग्लिच’, म्हणजे यंत्रातला अचानक बिघाड, हा शब्द नासानं घडवला, हेही चूक. अंतराळवीर जॉन ग्लेननं १९६२ मध्ये तो छापून समजावला खरा, पण रेडिओवाले आधीपासून वापरत होते. तो यिडिशच, हे मात्र शब्दकोश ‘बहुधा’ लावूनच सांगतात.

शेवटी ‘ही भाषा मेली’. तिचे लाखो बोलणारे नाझींनी मारले, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. १९७८ चं साहित्याचं नोबेल यिडिशमध्ये लिहिणाऱ्या आयझॅक बाशेव्हिस सिंगरला मिळालं. आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये आजही पोरं यिडिशमध्येच भांडतात.