मेंदीवालीने बारा हजार मागितले तर

मावसबहिणीच्या मुलीचं लग्न आहे नाशिकला आणि आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय, मेंदीवालीने नवरीच्या हातापायांचे बारा हजार सांगितले. पूर्वी शेजारची ताई फुकट काढायची, आता परंपरेचा धंदा मांडलाय वगैरे. त्यातच कोणीतरी ती डिसेंबर २०२४ची बातमी टाकली, सोळा अरब देशांनी मिळून अर्ज केला आणि युनेस्कोने मेंदीची प्रथा त्यांच्या नावाने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, की झालं, "आपली मेंदी पळवली!" म्हणजे आपली म्हणून अभिमान हवा पण काढणारीला पैसे द्यायला नको.

ड्रोनवाल्याला लाखभर देताना कोणी हूं की चूं केलं नाही. मेंदीवाली पाच-सहा तास मान मोडून बसते, नवरी दर दहा मिनिटांनी फोन घेते, रेष हलली की बोलणी हिला. मी इंग्लंडात, लेस्टरला, वीकेंडला हेच करते म्हणून मला माहितीये. इथे समर फेअरला पाच पाउंडचा बोर्ड लावला की पाचच देतात, हेन पार्टीला, म्हणजे नवरीच्या मैत्रिणींच्या लग्नाआधीच्या पार्टीला, डिपॉझिट आधी येतं, घासाघीस कोण करतं तर आपल्याच बायका. हे लिहिलं की "तू तिकडे राहून शहाणपणा शिकवू नकोस" येणार, येऊ दे.

पैसे घेण्यात मला पाप दिसत नाही, पाप आहे ते कोनमध्ये. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आलो तेव्हा एका दुकानाबाहेर लेकीच्या हातावर "अर्ध्या तासात काळीभोर" काढून घेतली, मीच, हौसेने. पाचव्या दिवशी वेल जशी होती तशीच्या तशी फोडांची उठली, पानंसुद्धा मोजता येत होती. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, सांगितलं पीपीडी, केसांच्या डायमधलं रसायन, आता तिने आयुष्यात हेअर डाय लावायचा नाही. आठ वर्षांची होती. खरी मेंदी आधी नारिंगी येते, गडद व्हायला दीड-दोन दिवस घेते, हे मला माहीत होतं आणि तरी मी हात पुढे करू दिला. तेव्हापासून पावडर राजस्थानातल्या सोजतचीच, त्या मेंदीला २०२१ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, लिंबाचा रस, साखर आणि निलगिरीचे थेंब घालून रात्रभर भिजवते, स्टॉकिंगमधून गाळते आणि कोन स्वतः वळते. ग्रुपवर चिडायचं तर त्या काळ्या कोनवर चिडा ना. लग्नाच्या बजेटवर काय चिडता?

पण एक गोष्ट मी तिथे लिहिली नाही. इथल्या मुली विचारतात, या डिझाइनचा अर्थ काय, आणि मी बरीच वर्षं सांगत आले, मोर म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे पावित्र्य, आमच्याकडे शतकानुशतकं चालत आलंय. आमच्याकडे कुठे? आमच्या घरी मेंदी नागपंचमीच्या आदल्या दिवशी, पाट्यावर वाटलेला पाला, त्यात कात आणि चहाचं पाणी, तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा ठिपका, भोवती बारके ठिपके, बोटांना टोप्या. संपलं. माझ्या आईच्या लग्नात हळद होती, हिरवा चुडा होता, मेंदीचा म्हणून कार्यक्रम नव्हताच. मोर मी इथे शिकले, पलीकडच्या गुजराती काकींकडून आणि यूट्यूबवरून, आणि विकते मात्र "माझी परंपरा" म्हणून. ठिपका आजवर कोणी मागितला नाही. दाखवायचं धाडस मीही केलं नाही, वाटायचं एवढ्याशाचे पाच पाउंड कोण देईल. मग फॅमिली ग्रुपवर मी नक्की कोणाच्या बाजूने भांडत होते, ते मला आठवडाभर छळतंय.

यंदा नागपंचमीच्या आदल्या रात्री मी तोच ठिपका स्वतःच्या डाव्या हातावर काढला. लेक ओट्याशी उभी होती. ती अजून माझ्या कोनला हात लावत नाही. तिने पावडरचं पाकीट मागितलं, उलटं करून मागचं सगळं वाचलं, हळूहळू, बोट ठेवून. मग म्हणाली, "एकच. मध्ये. बाकी काही काढू नकोस, आई."

मावसबहिणीला आज वेगळा मेसेज केलाय, बारा हजार दे, पण आधी कोन कोण बनवतं ते विचार. दोन निळ्या टिक आल्यात.